घासलेली टाच

माझ्या दवाखान्यात फोटो काढायची जागा ठरलेली आहे. उत्तरेच्या खिडकीजवळ एक स्टूल, त्यामागे निळं कापड आणि जमिनीवर चिकटपट्टीची खूण. कॅमेऱ्याला मी बँडेजची एक दोरी बांधून ठेवली आहे. तिचं टोक त्वचेला टेकवायचं, दोरी ताणायची, सोडायची आणि बटण दाबायचं. म्हणजे आजचा फोटो आणि दोन महिन्यांनंतरचा फोटो एकाच अंतरावरून निघतो. फ्लॅश नाही, ट्यूबलाइट बंद, शेजारी कागदी मोजपट्टी. एक फोटो लांबून, शरीराचा कुठला भाग आहे ते कळावं म्हणून, आणि एक जवळून. चेहऱ्याची गरज नसेल तर चेहरा घ्यायचा नाही आणि काढण्याआधी विचारायचं. एवढं केलं तर फोटो उपयोगाचा, नाहीतर तो नुसताच फोटो.

पेशंटना हे सगळं रिकामटेकडेपणाचं वाटतं. "मोबाइलवर काढा की पटकन," असं कोणीतरी सुचवतंच. मोबाइलवरचे फोटो मलाही रोज येतात. पिवळ्या दिव्याखाली काढलेले, लेन्सवर अर्धा अंगठा, आणि खाली लिहिलेलं, "मॅडम, हे काय आहे?" मी उत्तर पाठवते, "अंधार आहे." काही फोन तर कातडी आपणहून गुळगुळीत करून दाखवतात. मुरुमांची तक्रार असलेल्या मुलीच्या गालावर एकही मुरूम दिसत नाही, आणि मी तिला काय औषध लिहून देणार.

त्यात आपल्या लोकांची एक सवय. फोटो म्हटलं की तयार व्हायचं. मांडीवरच्या गजकर्णाचा फोटो असतो आणि गृहस्थ खिशातून कंगवा काढतात. पोटावरच्या चट्ट्यांचा असेल तर पोट आत ओढून धरतात. एका बाईंनी मानेवरच्या डागाचा फोटो काढायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन त्यावर पावडर लावली होती. या सवयीला मी बरीच वर्षं हसत आले. तिच्याकडे संशयाने पाहायला लागले ते एका टाचेमुळे.

ती टाच होती गणिताच्या एका निवृत्त शिक्षिकांची. सत्तरीला टेकलेल्या, उंच, सुती साडी, हातात छत्री असो नसो चाल छत्री घेतल्यासारखी. मी त्यांच्या शाळेत कधी नव्हते, तरी पहिल्याच भेटीत त्यांना 'बाई' म्हणायला लागले. दुसरं काही तोंडात येईना. त्या कोपराच्या इसबासाठी आल्या होत्या. माझ्या मदतनीस बाईंनी नुकतीच फरशी पुसली होती, म्हणून त्यांनी चपला दाराशीच काढल्या. तपासणीच्या टेबलावर चढताना त्यांचा उजवा तळवा माझ्याकडे झाला आणि टाचेच्या कडेला मला एक डाग दिसला. मसुराच्या डाळीएवढा, काळपट तपकिरी, एका बाजूला जरा पसरलेला.

"हा कधीपासून आहे?"

"कुठला?"

"टाचेवरचा."

"माझी टाच मला कशी दिसणार? तुम्हाला दिसली, तुम्हीच सांगा."

मी त्यांना विचारून लगेच फोटो काढला. दोरी ताणताना त्या मान वळवून बघत होत्या.

"पट्टी तिरकी धरलीत," त्या म्हणाल्या.

तिरकी होती. सरळ केली आणि पुन्हा काढला.

तळव्यावरचे बहुतेक डाग म्हणजे साधे तीळ. पण त्वचेचा जो सगळ्यात वाईट कॅन्सर आहे, तो आपल्या लोकांत बहुतेक वेळा तळव्यावर किंवा नखाखाली येतो. तिथे कोणी बघत नाही, म्हणून उशिरा सापडतो. मी त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू, म्हटलं.

"आणि ते निघालं तर?"

"तर टाचेचा तेवढा भाग काढायचा. मांडीची कातडी तिथे बसवायची. सहा आठवडे पाय टेकायचा नाही."

त्या काही वेळ कोपराला लावायच्या मलमाची ट्यूब हातात फिरवत बसल्या.

"मी तिसऱ्या मजल्यावर राहते," मग म्हणाल्या. "स्वारगेटच्या मागे, जुनी सोसायटी आहे. लिफ्ट नाही. एकटी असते."

"मुलं?"

"एक मुलगा. वाघोलीला, चौदाव्या मजल्यावर. तिथे दोन लिफ्ट आहेत. दुसरं काही नाही."

शेवटी तह झाला. आत्ता कापायचं नाही. महिनाभराने पुन्हा फोटो, त्यानंतर आणखी महिनाभराने एक. डाग वाढला तर त्या काही न बोलता कापू देणार. लहान आणि कमी संशयाच्या डागासाठी असं थांबणं चालतं. हा डाग लहान होता, पण संशय कमी होता असं मी म्हणणार नाही. मात्र त्यांना ढकललं असतं तर त्या परत आल्या नसत्या.

महिन्याने आल्या तेव्हा बरोबर सून होती. आयटीतली, चटपटीत, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. बाई आत साडी सावरत होत्या तेवढ्यात ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा सिरियसली सांगा ना त्यांना. थोडं घाबरवलंत तरी चालेल. एकट्या राहतात, आम्हाला रात्रंदिवस टेन्शन."

"घाबरवायचं काही असेल तर मी घाबरवीनच," मी म्हटलं.

मला ते आवडलं नाही. काळजी होती का घाई होती, मला ठरवता येईना. मी फोटो काढला, संगणकाच्या पडद्यावर पहिल्या फोटोशेजारी लावला आणि तिघी पाहू लागलो. डाग लहान झाला होता. पसरलेली बाजू जवळजवळ पुसली गेली होती.

"कमी झालाय," बाई म्हणाल्या. "एरंडेल लावते रोज. वजाबाकी मलाही येते हो डॉक्टर."

सुनेचा चेहरा उतरला. डाग कमी झाल्यावर माणसाचा चेहरा उतरावा, हेही मी मनात नोंदवून ठेवलं. ती गाडी काढायला खाली गेली तशा बाई म्हणाल्या, "तिने तुम्हाला काहीतरी सांगितलं ना?"

"सांगितलं."

"वाटलंच मला." त्या पर्सची चेन लावत होत्या, ती पुन्हा उघडून पुन्हा लावली. "आमच्या शेजारच्या बाई मोतीबिंदूसाठी लेकाकडे गेल्या. महिन्याभरासाठी. डोळा छान झाला. आता त्यांच्या घरात इंजिनिअरिंगची चार पोरं भाड्याने राहतात आणि त्या बाई वाघोलीपेक्षाही लांब आहेत. मी त्या जिन्यावरून पाय न टेकता उतरले, की परत चढणार नाही. तेवढं कळतं मला."

त्यानंतरच्या फोटोत डाग आणखी फिका. बाई खूश, एरंडेलाची बाटली मला भेट द्यायला निघालेल्या. मी मात्र खूश नव्हते. तळव्यावरचा डाग असा शहाण्यासारखा वागत नाही. औषधाशिवाय, वेळच्या वेळी, कमी कमी होत जाणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

आधी मी उजेडावर संशय घेतला. पहिला फोटो स्वच्छ उन्हातला होता, नंतरचे ढगाळ दिवसांतले. पण निळं कापड तिन्ही फोटोंत एकाच रंगाचं दिसत होतं, म्हणजे उजेड नाही. मग दोरीवर. मदतनीस बाईंना विचारलं, "ही दोरी धुतलीत का कधी?" त्यांनी धुतली होती. "मळली होती ना," त्या म्हणाल्या, "जंतुनाशक घालून उकळली." उकळून दोरी सैल पडून लांबली असेल म्हणून टेप लावून मोजली. लांबली नव्हती. मग मोजपट्टीवर संशय. ती छापील होती, आणि झेरॉक्सवाल्याच्या हाती गेलेली नव्हती. शेवटी बाईंवरच. कसलं तरी डाग घालवायचं क्रीम लावत असतील, अशी शंका आली. टाचेच्या जाड कातडीवर ते चालत नाही, म्हणून तीही सोडली.

एका दुपारी पेशंट संपल्यावर मी तिन्ही फोटो पडद्यावर ओळीने लावले आणि एक जुनी युक्ती केली. डाग बोटाने झाकला आणि उरलेलं पाहिलं. डाग दिसत असला की डोळे दुसरीकडे जातच नाहीत.

डाग झाकल्यावर दिसलं ते असं. पहिल्या फोटोत पिवळट, जाड टाच, आडव्या भेगा, भेगांत धूळ. फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या कुठल्याही बाईची असते तशी. दुसऱ्या फोटोत भेगा बुजलेल्या. तिसऱ्यात टाच गुलाबी आणि नितळ, लग्नाच्या दिवशी असावी तशी. या तिन्ही टाचा एकाच पायाच्या होत्या एवढंच. एकमेकींशी तुलना करावी अशा नव्हत्या.

मी फोन केला.

"बाई, तुम्ही टाच घासायला वजरी वापरता?"

"कोण नाही वापरत?"

"फोटोच्या आधी?"

"आदल्या दिवशी. आणि सकाळी निघताना पुन्हा एकदा. गरम पाण्यात पाय बुडवायचे आणि घासायचे." त्यांना प्रश्नच विचित्र वाटला होता. "अहो, डॉक्टर हातात पाय धरणार, फोटो काढणार, मळकी टाच पुढे करायची का? पहिल्या वेळी तुम्ही अचानक पाहिलीत. मला त्या दिवशी किती लाज वाटली, तुम्हाला कल्पना नाही."

हे मला पटलं. मीसुद्धा असंच केलं असतं. कुठल्याही डॉक्टरकडे जाताना मी मोजे बदलते. टाचेची वरची मेलेली कातडी घासली की तिच्यात उतरलेला रंगही तिच्याबरोबर जातो. कडा फिक्या होतात, डाग लहान दिसतो. डाग खाली असतो तसाच असतो. हे मला शिकवलेलं होतं. पेशंटच्या हातात वजरी असते, हे कोणी शिकवलं नव्हतं.

फोन ठेवला आणि अर्ध्या तासाने मला पटेनासं झालं. पहिल्यांदा घासलं ते लाजेने, कबूल. पण या बाईंनी आयुष्यभर मुलांच्या वह्यांतली चलाखी पकडली होती. घासल्यावर डाग फिका पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल?

पुढच्या आठवड्यात दोघींना बोलावलं आणि फोटो दाखवून सगळं समजावलं. मग विचारलं, "बाई, घासल्यावर डाग कमी दिसतो हे तुम्हाला कळलं होतं?"

"टाच मला दिसत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"घरी आरसा आहे ना?"

सून त्यांच्याकडे बघायला लागली. बाई खिडकीकडे बघत होत्या.

"आहे," त्या म्हणाल्या.

पाच आठवडे टाचेला वजरी, दगड, ब्रश, काहीही लावायचं नाही असं मी सांगितलं. धुवायचं, पण घासायचं नाही.

"लोक काय म्हणतील?"

"टाचेकडे लोक बघत नाहीत."

"तुम्ही बघता."

"मी वजरी वाघोलीला घेऊन जाते," सून मध्येच म्हणाली.

"ने की. बाजारात दुसऱ्या मिळतच नाहीत ना."

पाच आठवडे संपले त्या दिवशी बाई येतील अशी माझी खात्री नव्हती. येतील तर टाच चकचकीत करून येतील, अशी बरीचशी खात्री होती. आल्या त्या एकट्याच, रिक्षाने. चपलेत मोजे घातले होते, पुण्याच्या उकाड्यात. स्टुलावर बसून मोजा काढला आणि तोंड फिरवून घेतलं. शाळेत इंजेक्शन टोचून घेताना मुलं फिरवतात तसं.

टाच भेगाळलेली होती. भेगांमध्ये काळ्या रेषा. मी दोरी टेकवली, ताणली, सोडली आणि फोटो काढला. लांबून एक, जवळून दोन. पडद्यावर त्या पहिल्या, अचानक काढलेल्या फोटोशेजारी लावला आणि मधले दोन बाजूला काढले. आता या दोन टाचा सारख्या होत्या. डाग सारखा नव्हता. पसरलेल्या बाजूने तो भेगेपलीकडे गेला होता, आणि तिथे त्याचा रंगही बदलला होता.

बाईंनी चष्मा लावला. "पट्टी तिरकी नाही ना?"

"नाही."

त्यांनी बोटाने पडद्यावरच्या मोजपट्टीचे भाग मोजले, आधी पहिल्या फोटोतले, मग आजच्यातले. मग पुन्हा पहिल्यातले.

"मी दुसरी वजरी आणली होती," त्या म्हणाल्या. "मोरीत ठेवलीय. काल हातात घेतलीसुद्धा."

"मग?"

"मग ठेवली. का ते विचारू नका. कापा."

तुकडा तपासून आला. कॅन्सरच होता, पण अजून कातडीच्या वरच्या थरातच होता, खाली उतरलेला नव्हता. ज्या सर्जनकडे पाठवलं त्यांनी तेवढा भाग काढला, कातडी बसवली. बाई वाघोलीला गेल्या. जाण्याआधी माझ्यासमोर सुनेला म्हणाल्या, "सहा आठवडे. सातव्यात मी रिक्षा बोलावणार."

"आई, आम्ही काय तुम्हाला कोंडून ठेवणारोय का?"

"मी कुठे म्हटलं? तूच म्हणालीस."

दर आठवड्याला सून मला पायाचा फोटो पाठवायची. इतके चांगले फोटो मला कुठल्याही पेशंटच्या घरून आलेले नाहीत. खिडकीचा उजेड, निळा टॉवेल, शेजारी पट्टी. खाली लिहिलेलं, "आई विचारतायत, पट्टी सरळ आहे का." टॉवेलच्या कडेला वाघोलीची पांढरी, आरशासारखी फरशी दिसायची. जखम छान भरत होती. तिच्याबद्दल मला काळजी नव्हती. मी फरशी बघत होते.

सहावा आठवडा गेला. सातव्याच्या फोटोत पांढरी फरशी. आठव्यातही. मी लिहिलं, "बाई कुठे आहेत?"

"इथेच आहेत. जिने नकोत म्हणतोय एवढ्यात."

म्हणतोय म्हणजे कोण म्हणतंय, ते लिहिलेलं नव्हतं. घर कोणी सोडावं, कोणी कोणाला ठेवून घ्यावं, हा त्वचारोगाचा प्रश्न नाही. मी तो फोटो पुन्हा उघडला. कातडी पक्की धरली होती, कडा कोरड्या. सर्जनना फोन करून त्यांचंही मत घेतलं. मग सुनेला लिहिलं, "जखम भरली आहे. सर्जनना विचारलं. जिने चढायला आमची हरकत नाही. हे बाईंना दाखवा."

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दाखवलं असेल का, हा संशय मला दोन आठवडे पुरला. सुनेकडून फोटो यायचे बंद झाले.

मग एक फोटो बाईंच्या स्वतःच्या नंबरवरून आला. फोटो अगदी वाईट होता. ट्यूबलाइट, अर्ध्या टाचेवर हाताची सावली, पट्टी चांगलीच तिरकी. पाय कुठल्या तरी अडचणीच्या कोनात वळवलेला, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला एक छोटा आरसा. खाली फरशी होती जुन्या सोसायट्यांत असते ती, ठिपक्याठिपक्यांची मोझॅकची. बरोबर एक शब्दही नव्हता.

मी फोटो मोठा करून पाहिला. बसवलेल्या कातडीच्या एका कडेला करडी रेघ दिसत होती. सावली असेल. असेलच असं नाही.

मी लिहिलं, "अंधार आहे. उद्या सकाळी दवाखान्यात या. टाच घासू नका."